परत आलेल्या पुस्तकांची मांडणी आणि टोयोटा-पद्धति

प्रस्तुत लेखाचा विषय आमच्या वाचकांस प्रथमदर्शनीं या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. मोटारी तयार करणाऱ्या एका जपानी कारखान्याच्या कार्यपद्धतीचा आणि इतिहाससंशोधनाचा संबंध काय, असें कोणीहि विचारील. आमचें उत्तर असें कीं, साधन संग्रहांत असणें ही एक गोष्ट आहे आणि तें मागतांच हातीं येणें ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठीं आमच्या पूर्वसूरींनीं आयुष्यें वेंचलीं. दुसरी मात्र 'शिपायाचें काम' म्हणून विचारास अयोग्य ठरली आहे. तिच्यामुळें संशोधनाची हानि होते ती कोणत्या वाटेनें, व ती कितपत टाळतां येईल, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. परगांवचे एक अभ्यासक दोन दिवसांची रजा काढून आमच्या परिचयाच्या एका ग्रंथसंग्रहांत आले होते. रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेल्या व १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झालेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकीं एक त्यांस पाहावयाचा होता. संगणकावरील सूचींत तो 'उपलब्ध' असा दिसत होता. कपाटांत मात्र नव्हता. शिपायानें दोनदां शोधलें, ग्रंथपालांनीं स्वतः एकदां शोधलें, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ते गृहस्थ रिकाम्या हातीं परतले. पुढें बारा दिवसांनीं खंड सांपडला. तो चोरीस गेला नव्हता, कीं चुकीच्या खणांतहि पडला नव्हता. दाराआडच्या हातगाडीवर, परत आलेल्या इतर पुस्तकांच्या खालीं, तो आपल्या पाळीची वाट पाहत होता. दरम्यान त्या अभ्यासकांचा निबंध त्या खंडावांचून छापून निघाला. त्यांतील एका पत्राची मिति चुकली होती, आणि तीच चूक पुढें आणखी दोघांच्या लेखांत जशीच्या तशी उतरलेली आम्हीं पाहिली आहे.

या प्रकरणांत आळशी असा कोणीच नव्हता. शिपाई दिवसभर पुस्तकें लावीत होता. त्याला क्षणाचीहि उसंत नव्हती. दोष होता तो पुस्तकाच्या वाटेंत. ही वाट कशी असते तें पाहूं. वाचक पुस्तक परत करतो. देवघेवीच्या खिडकीवर त्याच्या नांवची नोंद तत्काळ रद्द होते. मग पुस्तक मेजावरील ढिगांत जातें. मेज भरलें कीं ढीग विषयवार निवडला जातो. निवडलेलीं पुस्तकें हातगाडीवर चढतात. गाडी भरेपर्यंत थांबते. भरल्यावर वर्गांकाच्या क्रमानें पुन्हां लावली जाते. मग कपाटांकडे निघते. नोंद रद्द होण्यास निमिष पुरतें, आणि पुस्तक जागेवर जाण्यास कधीं दिवस, कधीं आठवडे लागतात. या मधल्या काळांत पुस्तक वाचकापाशींहि नसतें व कपाटांतहि नसतें. त्याची अवस्था त्रिशंकूची होते, आणि सूची मात्र तें स्वर्गांत पोंचलें म्हणून ग्वाही देत असते.

आतां टोयोटाकडे वळूं. या घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नसून मागांचा. साकिची टोयोदा यांनीं सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागाचा विशेष असा कीं, सूत तुटलें कीं माग आपोआप थांबे. त्यामुळें सदोष कापडाचे हातच्या हात वाढत जाणें बंद झालें. मोटारींची कंपनी १९३७ सालीं स्थापन झाली. ताइइची ओनो हे कापडाच्या धंद्यांतून १९४३ सालीं तिकडे आले. अमेरिकेंतील 'सुपरमार्केट' नांवाच्या दुकानांची माहिती ऐकून त्यांस एक कल्पना सुचली. १९५६ सालीं त्या देशीं गेल्यावर तीं दुकानें त्यांनीं प्रत्यक्षहि पाहिलीं. गिऱ्हाईक फळीवरून जेवढा माल उचलतें तेवढाच मागून भरला जातो. आधींच ढीग घालून ठेवीत नाहींत. कारखान्यांतहि पुढच्या कामगारानें जितकें उचललें तितकेंच मागच्यानें करावें, असा नियम त्यांनीं घातला. आपला अनुभव त्यांनीं १९७८ सालीं जपानींत ग्रंथरूपानें मांडला. या पद्धतीस 'लीन' हें इंग्रजी नांव जॉन क्रॅफ्चिक यांनीं १९८८ सालीं दिलें, व १९९० च्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या ग्रंथानें तें जगभर केलें. त्याचा अर्थ सडपातळ, चरबी नसलेला. संस्कृत 'लीन' शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तसेंच या पद्धतींत 'मुदा' हा जपानी शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ व्यर्थ व्यय असा आहे, आनंदानें असा नव्हे. असो.

ओनो यांनीं मुदेचे सात प्रकार सांगितले आहेत: जरुरीपेक्षां अधिक उत्पादन, खोळंबा, वाहतूक, निष्कारण प्रक्रिया, सांठा, निष्कारण हालचाल आणि सदोष माल. या सातांपैकीं आपल्या विषयास मुख्यत्वेंकरून खोळंबा लागू पडतो. फ्रेडरिक टेलर यांचा १९११ सालचा 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. टेलर यांनीं घड्याळ लावलें तें कामगारास. ओनो यांनीं तें लावलें मालास. कामगार किती वेळ रिकामा बसला हें टेलर मोजतात. वस्तु किती वेळ पडून राहिली हें ओनो पाहतात. वरील हकीकतींतील शिपाई टेलर यांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला असता, आणि तरीहि खंड बारा दिवस दाराआड राहिला असता. ग्रंथालयांच्या व्यवस्थापकांस हा भेद उमजला तर अर्धें काम झालें असें आम्ही समजतों. ही पद्धति ग्रंथालयांस लावून दाखविण्याचा पद्धतशीर प्रयत्न जॉन ह्यूबर यांनीं २०११ सालच्या 'लीन लायब्ररी मॅनेजमेंट' या पुस्तकांत केला आहे.

मूळ विचार आपल्या देशास नवा नाहीं. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं मद्रासेहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें सांगितलीं. त्यांतील चौथें, वाचकाचा वेळ वांचवा, हें आहे. वाचक दारांत पाऊल टाकतो तेथपासून बाहेर पडेपर्यंत त्याचा वेळ कोठें कोठें जातो याचा माग त्यांनीं पायरी-पायरीनें काढला. ओनो यांनीं हेंच काम मालासंबंधानें केलें. रंगनाथन् वाचकाच्या मागें चालले, ओनो वस्तूच्या. पण दोघेहि चालले, नुसते खोलींत बसून नियम करीत राहिले नाहींत. याच्याहि पूर्वीं बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांची उभारणी केली होती, आणि तेथून १९१२ पासून निघूं लागलेल्या 'लायब्ररी मिसलेनी' या नियतकालिकांत इंग्रजी व गुजराथीबरोबर मराठी विभागहि होता. मराठी वाचकांस या चर्चेचा वारसा शंभर वर्षांहून जुना आहे, हें नमूद करून ठेवतों.

आतां ढिगाचें गणित. रांगांच्या शास्त्रांत जॉन लिट्ल यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलेला एक नियम आहे. तो इतका साधा आहे कीं त्याला सिद्धतेची गरज होती हेंच अनेकांस नवल वाटतें. पडून असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या ही, रोज येणाऱ्या वस्तु आणि प्रत्येकीस लागणारे सरासरी दिवस, यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, एका ग्रंथालयांत रोज ६० पुस्तकें परत येतात आणि रोज ६०च जागेवर लागतात असें धरा. मेजावर व गाड्यांवर मिळून नेहमीं ३०० पुस्तकें पडलेलीं असतील तर प्रत्येकास सरासरी ५ दिवस लागणार. ढीग ६० चा असेल तर १ दिवस. यांतील मर्म हें कीं, दोन्हीं ठिकाणीं शिपायाचें रोजचें काम तेंच आहे. दोघेहि रोज ६० पुस्तकेंच लावतात. फरक एवढाच कीं, पहिल्या ठिकाणीं केव्हां तरी, एखाद्या सुट्टीच्या किंवा आजारपणाच्या आठवड्यांत, २४० पुस्तकें सांचलीं आणि तीं कायमचीं सांचून राहिलीं. आजचा शिपाई आज आलेलीं पुस्तकें न लावतां पांच दिवसांपूर्वींचीं लावीत असतो. तो कर्ज फेडीत नाहीं, केवळ व्याज भरीत राहतो. एकदांच, चार माणसें एक दिवस बसवून, हा जुना ढीग उपसला, तर दुसऱ्या दिवसापासून कोणाचेंहि काम न वाढतां प्रत्येक पुस्तक चार दिवस लवकर जागेवर जाईल. अधिक नोकर नेमण्याचा अर्ज करण्यापूर्वीं ग्रंथपालांनीं हा एक दिवस अवश्य काढून पाहावा.

पण ढीग उपसल्यावर तो पुन्हां कां वाढतो? आमच्या मतें याचें कारण एका भल्या दिसणाऱ्या काटकसरींत आहे: गाडी भरल्यावांचून हलवावयाची नाहीं. अर्धी गाडी घेऊन जिना चढणें हा श्रमाचा अपव्यय वाटतो. परंतु १२० पुस्तकांची गाडी व रोजचीं ६० पुस्तकें असतील तर पहिल्या पुस्तकास, कोणी त्यास हात लावण्यापूर्वींच, दोन दिवस थांबावें लागतें. शिवाय १२० पुस्तकें हातानें क्रमवार लावण्यास ६० पुस्तकांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. कारण प्रत्येक नव्या पुस्तकाची जागा अधिक मोठ्या रांगेंत शोधावी लागते. पत्त्यांचा डाव हातांत लावून पाहिलेल्या कोणासहि हें पटेल. म्हणून गाडी भरण्यावर न सोडतां घड्याळावर सोडावी. दुपारीं बाराला व सायंकाळीं पांचाला, जेवढीं असतील तेवढीं पुस्तकें घेऊन ती निघालीच पाहिजे. यांत चालणें थोडें वाढतें हें आम्ही नाकारीत नाहीं. निवडण्यांत वांचलेला वेळ चालण्यांत गेलेल्या वेळाहून अधिक भरतो कीं नाहीं, हें इमारतीवर अवलंबून आहे. तीन मजली ग्रंथालयास जें लागू तें एका दालनास नाहीं. ओनो यांच्याविषयीं असें सांगतात कीं, ते जमिनीवर खडूनें वर्तुळ काढून नव्या माणसास त्यांत उभे करीत आणि तासन् तास नुसतें पाहावयास लावीत. ग्रंथपालांनीं परतीच्या खिडकीशेजारीं असा अर्धा दिवस उभें राहून काढावा. तोपर्यंत आमचेंहि म्हणणें मानूं नये.

निवडण्याविषयीं आणखी एक गोष्ट. बहुतेक ठिकाणीं तेंच पुस्तक तीनदां निवडलें जातें: मेजावर, गाडींत, आणि कपाटापाशीं. खिडकीच्या मागेंच कपाटांच्या ओळींइतके खण करून पुस्तक हातीं येतांच त्या त्या खणांत टाकलें, तर मधली निवड नाहींशी होते. यास सुताराचें दोन दिवसांचें काम लागतें, दुसरें कांहीं नाहीं.

टोयोटाच्या पद्धतींतील सर्वांत प्रसिद्ध शब्द 'कानबान', म्हणजे पाटी किंवा चिठ्ठी. मालाच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी फिरते. जितक्या चिठ्ठ्या तितकाच माल वाटेंत असूं शकतो. हें वाचून आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेंतील ग्रंथालयाची आठवण झाली. नीना ब्राउन या अमेरिकन बाईंनीं १८९५ च्या सुमारास सुचविलेली पुस्तकें देण्याची रीत आपल्याकडेहि सर्वत्र रूढ होती. प्रत्येक वाचकास ठराविक खिसेवजा तिकिटें मिळत. प्रत्येक पुस्तकांत एक कार्ड असे. पुस्तक नेतांना तें कार्ड वाचकाच्या तिकिटांत घालून तारखेच्या क्रमानें खिडकींत ठेवीत. जितकीं तिकिटें तितकींच पुस्तकें बाहेर. बंद भांडारांत तर पुस्तक काढतांना त्याच्या जागीं लांकडी पाटी किंवा चिठ्ठी उभी करीत. वस्तु कोठें आहे हें त्या वस्तूच्या जागींच लिहिलेलें असे. कानबानचें तत्त्व याहून निराळें नाहीं. संगणक आल्यावर पाट्या गेल्या, कार्डें गेलीं, आणि शोध पुष्कळ सोपा झाला. पण पाटी जें सांगत होती तें संगणकास सांगण्याचें मात्र बहुतेक ठिकाणीं राहून गेलें. 'बाहेर' आणि 'उपलब्ध' या दोनच अवस्था त्याला ठाऊक असतात. तिसरी अवस्था, म्हणजे 'परतीच्या गाडीवर', त्यांत घालणें अवघड नाहीं. न्यूझीलंडांत तयार झालेल्या व २००० सालापासून वापरांत असलेल्या 'कोहा' या प्रणालींत ही सोय आहे: पुस्तक परत येतांच त्याचें ठिकाण गाडी असें आपोआप नोंदविलें जातें आणि ठराविक तासांनंतर तें मूळ कपाटावर येतें. आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत हीच प्रणाली आहे, पण ही सोय चालू केलेली आम्हांस क्वचितच आढळली. ती चालू असती तर उपरोक्त अभ्यासकांस एवढें तरी कळलें असतें कीं, कपाट सोडून गाडी पाहावी.

चुकांकडे आलों म्हणजे साकिचींचा माग पुन्हां आठवतो. १८७६ सालीं मेल्विल ड्यूई यांनीं दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलें (हे गृहस्थ काळ वांचविण्यासाठीं आपल्या नांवांतील अक्षरेंहि गाळीत), तेव्हांपासून पुस्तकाची जागा म्हणजे ठराविक फळी न राहतां दोन शेजाऱ्यांमधील अंतर ही झाली. त्यापूर्वीं कपाट, फळी व क्रमांक ठरलेले असत. नव्या रीतीनें एका विषयाचीं पुस्तकें एकत्र आलीं, हा संशोधकाचा मोठाच लाभ. पण चुकीची किंमतहि वाढली. आपल्या दोन शेजाऱ्यांपासून चार हात दूर पडलेलें पुस्तक व्यवहारतः हरवलेलेंच असतें. पेशवे दप्तराच्या रुमालांत काम केलेल्यांस हें सांगावयास नको. एक सुटा कागद भलत्या रुमालांत बांधला गेला तर तो कोणाच्या दृष्टीस केव्हां पडेल याचा नेम नाहीं. १८९४ सालीं लंडनमधील क्लार्कनवेल येथें जेम्स डफ ब्राउन यांनीं वाचकांस कपाटांपर्यंत मुक्त प्रवेश दिला, तेव्हांपासून तर चुका करणाऱ्यांत वाचकहि सामील झाला. 'काढलेलें पुस्तक परत कपाटांत ठेवूं नये, मेजावर ठेवावें' अशी सूचना वाचून कित्येक सज्जन वाचकांस राग येतो. तो अस्थानीं आहे. मेजावरील पुस्तक सायंकाळपर्यंत जागेवर जातें. सद्धेतूनें चुकीच्या फळीवर ठेवलेलें पुस्तक पुढील तपासणीपर्यंत जात नाहीं, आणि ती तपासणी अनेक संस्थांत वर्षांतून एकदांच होते. येथें टोयोटाचा मार्ग असा कीं, वर्षाअखेर सर्व कपाटें तपासण्याऐवजीं रोज सकाळीं एकेक कपाट तपासावें, आणि चूक दिसतांक्षणीं ती कां झाली तें पाहावें. वर्गांकाची चिठ्ठी पुसट असेल तर शिपायास रागावून उपयोग नाहीं.

फळीच्या टोकास रिकामी जागा ठेवणें हा अपव्यय नव्हे, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. खच्चून भरलेल्या फळीवर एक पुस्तक घालावयाचें म्हणजे शेजारच्या दोन फळ्या हलवाव्या लागतात, आणि घाईंत असलेला माणूस तें न करतां पुस्तक आडवें टाकतो.

एवढें सांगून झाल्यावर एका बाबतींत आम्ही या पद्धतीस ठाम विरोध करूं इच्छितों. टोयोटाच्या शिस्तीची पहिली पायरी 'सेइरी' म्हणजे जरुरीचें व बिनजरुरीचें वेगळें करून बिनजरुरीचें काढून टाकणें ही आहे, आणि सांठा हा तर तिच्या दृष्टीनें दोषच. कारखान्यांत हें यथार्थ आहे. वर्षभर न लागलेला खिळा बहुधा पुढेंहि लागत नाहीं. पण संशोधनाच्या ग्रंथसंग्रहांत हें माप लावणें म्हणजे त्याच्या मुळावर घाव घालणें होय. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांतील पत्रें पिढ्यानुपिढ्या कोणीं उघडलेलीं नव्हतीं. मागणीच्या मोजमापानें तीं केव्हांच चुलींत गेलीं असतीं, आणि ज्या घराण्यांनीं तसें केलें त्यांचीं दप्तरें आज आपणांस नाहींत. परदेशांतहि हा धोका टळलेला नाहीं. ब्रिटिश लायब्ररीनें १९९९ सालीं आपल्याकडील अमेरिकन वृत्तपत्रांचे मूळ बांधीव संच, सूक्ष्मचित्रें आहेत म्हणून, काढून टाकण्यास घेतले. निकल्सन बेकर या लेखकांनीं त्यांपैकीं पुष्कळ स्वतः विकत घेतले. तो संग्रह पुढें २००४ सालीं ड्यूक विद्यापीठाकडे गेला. ज्यांस हें प्रकरण सविस्तर पाहावयाचें असेल त्यांनीं बेकर यांचा २००१ सालचा 'डबल फोल्ड' हा ग्रंथ वाचावा. त्याचा आवेश थोडा अधिक आहे, पण तक्रार खोटी नाहीं. रंगनाथन् यांचें तिसरें सूत्र, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हें याच ठिकाणीं ओनो यांच्या विरुद्ध उभें राहतें. तो वाचक चाळीस वर्षांनींहि येईल. म्हणून आमचें मत असें कीं, ही पद्धति पुस्तकाच्या वाटेस लावावी, पुस्तकांच्या संख्येस लावूं नये. खोळंबा कमी करावा. संग्रह कमी करूं नये. व्यवस्थापनतज्ज्ञांस बोलावणाऱ्या चालकांनीं हा भेद करारांतच लिहून घेतलेला बरा; कारण कपाटें रिकामीं झालेलीं डोळ्यांस दिसतात व अहवालांत शोभतात, आणि चार दिवसांचा खोळंबा गेलेला कोणास दिसत नाहीं.

खोळंबा मोजण्यास यंत्र लागत नाहीं. एक आठवडाभर परत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकांत तारीख लिहिलेली चिठ्ठी घालावी, व कपाटांत लावतांना ती काढून त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी. आठवड्याअखेर चिठ्ठ्या मोजल्या कीं झालें. वर सांगितलेल्या संग्रहांत आमच्या सूचनेवरून हा प्रयोग झाला. पहिल्या दोन दिवसांच्या चिठ्ठ्या आठवडा संपला तरी गाडीवरच होत्या. मग एका रविवारीं जुना ढीग उपसण्यांत आला, आणि गाडी दिवसांतून दोनदां निघूं लागली. शिपायांनीं आरंभीं कुरकुर केली. वजनदार गाडी ओढण्याचें गेलें तेव्हां ती थांबली. परतीच्या खिडकीशेजारीं आतां एक उघडी फळी आहे आणि तिच्यावर 'आज परत आलेलीं' अशी पाटी आहे. त्या फळीवरील पुष्कळशीं पुस्तकें कपाटापर्यंत जातच नाहींत, कारण नुकतें एकानें वाचलेलें पुस्तक दुसरा तेथूनच उचलतो. पेशवे दप्तराचा खंड पाहावयास गेलों म्हणजे आम्हीहि प्रथम तेथेंच पाहतों, आणि मग जिना चढतों.